भावकी

वडणग्यात सकाळी सहाला
हौसाक्का गाईची शेपूट वर धरते
आणि मी मुळाशी बोटानं शीर चाचपून सुई घालते.
लाल टोपणाची नळी. नमुना तिसावा.
गाय रवंथ करत राहते,
रक्त जणू तिचं नाहीच, शेजारणीकडनं उसनं आणलेलं.

"कशापायी गं हे?"
काविळीचा एक विषाणू असतो, मी सांगते,
माणसाच्या यकृतात घर करणारा.
त्याची भावकी जनावरांत सापडलीय. ती मोजायची.
"माझ्या चांदणीला कावीळ?"
शेपूट हातातनं सुटते.

नाही हो. डोळे बघा तिचे, पांढरेशुभ्र.
असलाच तर तो आत बसून असतो
भाडं न देणाऱ्या, पण भांडतही नसणाऱ्या कुळासारखा.
"आणि दूध?"
उकळून प्या, नेहमीसारखं. त्याची माणसाशी रोटीबेटी झाल्याचं
अजून कुणी पाहिलेलं नाही.
"अजून" हा शब्द मी जरा हळू म्हणते.

रंगदादाच्या अंगात होता तो थोरल्या घरातला.
शिरोली नाक्यावर ट्रकनं उडवलं तेव्हा
दोन बाटल्या रक्त चढलं. पुण्याईचं, म्हणाले सगळे.
त्या काळी रक्ताला कुणी फार प्रश्न विचारत नसत.
पंचवीस वर्षं तो गप्प बसला,
दादा तालमीत शड्डू ठोकत राहिला,
मग एका उन्हाळ्यात पाय सुजले.
चौऱ्याऐंशी दिवस, रोज एक गोळी.
तो गेला. यकृत मात्र
जळक्या भाकरीसारखं कडक, तसंच राहिलं.

आणि भावकीनं पेला वेगळा केला.
स्टीलचा, तळाला र कोरलेला.
पेल्यानं, ताटानं तो पसरत नाही,
मी पुस्तक उघडून दाखवलं.
चुलता म्हणाला, पुस्तक तुझं, पोरं आमची.

लहानपणी सुगी संपली की हेळवी यायचा,
बैलावर बसून, कापडात गुंडाळलेली वही घेऊन.
आजोबा पायलीभर जोंधळा ओतायचे, मग तो वाचायचा:
तीन भाऊ निघाले. एक नदीला राहिला,
एक घाट उतरला,
एकाचं पुढं काही लिहिलेलं नाही.

प्रयोगशाळेच्या पडद्यावर तशीच वही उघडते.
ही फांदी गाईची. ही उंदराची, ही वटवाघळाची,
समुद्रातल्या शार्कचीसुद्धा एक आहे, लांबची, आडनाव तेवढं जुळतं.
माणसाच्या सगळ्यात जवळ घोडा.
घोडा म्हणजे आमच्या गावात आता
वरातीपुरता, नाहीतर रंकाळ्याकाठी
दहा मिनिटं पोरं फिरवणारा.
काल संध्याकाळी त्याच्या नाकाला हात लावला.
ओला, गरम. त्यानं माझी बाही हुंगली.
तुझा आणि दादाचा पाहुणा
नक्की कुठल्या वेशीत वेगळा झाला, विचारलं.
पानावर तिथं कोरी जागा आहे.

शुक्रवारी निकाल. तिसांत तीन.
त्यात चांदणी.
मी गाडी काढून वडणग्याला गेले, फोनवर सांगायचं धाडस नव्हतं.
हौसाक्का ऐकत राहिली. मग म्हणाली,
"एवढंच? म्या म्हटलं काय आणि."
आणि बादली घेऊन तिच्याच खाली बसली.
बादली रोजचीच. दोरी रोजचीच.
कपाळ गाईच्या कुशीला टेकवून धार काढताना
तिनं विचारलं, "तुझ्या दादाला
असं कुणी टेकतंय का गं?"

मला कागद भरायचा होता.
नाव? "चांदणी." आई? "मोरणी,
आज्जी कपिली, माझ्या म्हायेरची."
वळू?
ती हसली. "सरकारी नळी. नंबर तुझ्या दवाखान्यात असंल."
मी रकान्यात रेघ मारली.

येताना गंगावेशीत उतरले.
दादा कट्ट्यावर होता, समोर म्हैस पिळत होते,
फेसाळ पेला त्याच्या हातात, दुकानातला, बिननावाचा.
अर्धा प्यायला आणि माझ्याकडं केला.
मी उरलेला घेतला.